चौथा कॅन

९ सप्टेंबर, संध्याकाळ
नवी वही. नागपूरच्या शाळेत सिस्टर फिलोमिना रोज संध्याकाळी तीन ओळी लिहायला लावायच्या. आज काय चुकलं, का चुकलं, उद्या काय करणार. आम्ही हिंदू मुली कन्फेशनला जात नव्हतो, म्हणून आमच्यासाठी वही. चौसष्टाव्या वर्षी पुन्हा सुरू करते आहे. नियम एकच. वहीशी खोटं बोलायचं नाही.
आज चुकलं असं काही नाही.

११ सप्टेंबर
घर तापवणारा गॅसचा बॉयलर जाणार. आता जमिनीतली ऊब घरात येणार. मागच्या बागेत दोन लांब चर खणून त्यांत पाइपांची वेटोळी पुरली आहेत. पाइपांतून पाणी फिरणार, आणि ते गोठू नये म्हणून त्यात अँटिफ्रीझ मिसळायचं. काम माझ्या मैत्रिणीच्या, मंजिरीच्या मुलीचं, ईशानीचं. इथे नॉटिंगहॅमच्या मराठी शाळेत दर रविवारी मी तिला बाराखडी शिकवली. आता तेहतीस वर्षांची आहे. अकाउंटन्सी सोडून हीट पंप, म्हणजे ही ऊब ओढणारी मशीनं, बसवते. तिच्या स्वतःच्या नावावरचं हे पहिलं काम. जानेवारीत परीक्षक येऊन हेच तपासणार, आणि पास झाली तर तिला स्वतःची फर्म काढता येईल.
अँटिफ्रीझ कुठलं ते मी ठरवते, असं तिला सांगितलं. सायन्सची ग्रॅज्युएट आहे मी. पुढच्या शुक्रवारी नक्की.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
तीन उमेदवार.
इथिलीन ग्लायकॉल. पातळ, पंपाला सोपं. पण विषारी, आणि चवीला गोड. शेजारच्या डोरोथीचं मांजर आमच्या बागेतच असतं. बाद.
इथेनॉल. म्हणजे सरळसरळ दारू. माझ्या तुळशीच्या कुंडीखालून दारू फिरणार? घरात दारू येणार नाही असा मी आईला शब्द दिला होता. नवऱ्याच्या, मोहनच्या, व्हिस्कीचा प्रश्न वेगळा, ती कपाटात असते.
प्रॉपिलीन ग्लायकॉल. औषधांत घालतात, खाण्याच्या पदार्थांतसुद्धा. थंडीत जरा दाट होतं.
घाई नको.

३ ऑक्टोबर
मोहन म्हणाला, अगं, तू अँटिफ्रीझ निवडतेयस की जावई? जावई आपण निवडलाच नव्हता, साराने निवडला, अशी मी आठवण करून दिली. तो म्हणाला, म्हणूनच चांगला निघाला. लीड्सला फोन कर, हेही सारालाच निवडू दे.
दुपारी ईशानीचा फोन. मावशी, मला फक्त एक नाव पाहिजे. मी म्हटलं, बेटा, जमिनीत जायचं आहे ते, विचार नको का करायला?

८ ऑक्टोबर
ठरलं. प्रॉपिलीन. सारा लहान असताना तिच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर हे नाव असायचं, अचानक आठवलं. चमचा समोर धरला की ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. लायब्ररीतल्या पुस्तकांपेक्षा या आठवणीने निर्णय सोपा केला.
ईशानीला कळवलं. ती म्हणाली, गुड, मी चार दिवसांपूर्वीच ते ऑर्डर केलंय.
आमचे विचार जुळतात.

१४ ऑक्टोबर
आज पाइप भरले. वीस-वीस लिटरचे चार कॅन. एका ड्रममध्ये एक कॅन आणि साठ लिटर पाणी, ढवळायचं, पंपाने पाइपांत सोडायचं. असे चार ड्रम. प्रत्येक ड्रममधला एक थेंब ईशानी छोट्या दुर्बिणीसारख्या मीटरमध्ये घालून बघायची. पंचवीस टक्के, पंचवीस टक्के, पंचवीस टक्के. मग आत मशीन कसलासा आवाज करतंय म्हणून मोहनने तिला हाक मारली. ती म्हणाली, मावशी, चौथा तुम्ही भराल? सेमच.
आता खरं लिहिते. आईने तांदळाचा डबा कधी तळापर्यंत रिकामा होऊ दिला नाही. मीठ, साखर, हळद, सगळ्यांचं थोडं राहायचंच. डबा खडखडला की तिचा चेहरा उतरायचा. मीही आजवर तसंच करत आले. आणि इथे चारही कॅन रिकामे करायचे? बोटभर ठेवावं म्हणून चौथा उघडायला गेले, तर सील इतकं सुरेख. बोटभरासाठी ते तोडण्यापेक्षा अख्खाच ठेवला. ढकलत ढकलत शेडमध्ये नेला, बटाट्यांच्या पोत्यामागे. ड्रममध्ये नुसतं पाणी भरून पंप सुरू केला.
ईशानीने विचारलं, झाला? मी म्हटलं, झाला. ड्रम झालाच होता.
तिने फॉर्मवर पंचवीस टक्के लिहून सही केली. सही ती अजून मराठीत करते. मी शिकवलेली.
काय चुकलं: कॅन ठेवला. का: सवय. उद्या: सांगणार.

१५ ऑक्टोबर
ती आज दुसऱ्या साइटवर आहे. कामातल्या माणसाला फोन करू नये.

२० ऑक्टोबर
दिवाळी. फराळाला मंजिरी आणि ईशानी. आज सांगणारच होते, पण आईदेखत पोरीच्या कामाबद्दल बोलणं बरं दिसत नाही. चकल्या छान झाल्या होत्या. ईशानीला डबा भरून दिला. मोठा डबा.

२३ नोव्हेंबर
घर मस्त उबदार. मोहन अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. म्हणजे चौथा कॅन मुळात जास्तीचाच होता. हे इंजिनियर लोक सढळ हाताने मापं देतात. आता सांगून तिचा आत्मविश्वास कशाला घालवायचा?
बटाटे हल्ली सुपरमार्केटमधून आणते. शेडपर्यंत जायला गवत ओलं असतं.

६ जानेवारी, सकाळी ७
उणे सहा. मशीन बंद पडलं. स्क्रीनवर लाल अक्षरं.

६ जानेवारी, दुपारी
ईशानी आली. मशीनजवळच्या पाइपातून थोडं पाणी काढलं, तर त्यात बर्फाचा चुरा, बर्फगोळ्यासारखा. मीटरमध्ये घातलं. एकोणीस टक्के. पुन्हा घातलं. एकोणीस. बागेत उपड्या बादलीवर बसून राहिली. म्हणाली, मी मोजलं होतं मावशी. माझा मीटरच खराब असेल.
मी चहा केला. आलं जास्त पडलं.
मग ती फावडं आणायला शेडमध्ये गेली. बराच वेळ लागला. परत आली तेव्हा काही बोलली नाही. थंडीने बिचारीचा घसा बसला असावा.
परीक्षकांनी फोनवर सांगितलं की तेरा तारखेला तपासणी होईपर्यंत कशाला हात लावू नका. म्हणजे आठवडाभर विजेच्या दोन हीटरवर.

९ जानेवारी
घरात अकरा डिग्री. मोहन कानटोपी घालून पोहे खातो. म्हणाला, माथेरानला हनिमूनला गेलो होतो तेव्हा एवढी मजा आली नव्हती. थंडी मनाची असते, मी म्हटलं. मग तुझ्या मनाने माझे पाय चेप, म्हणाला.
त्याला सांगावंसं वाटलं. पण आधी ईशानीला सांगायला हवं. क्रम महत्त्वाचा.
तेराला, परीक्षकांसमोरच सांगायचं ठरवलं. म्हणजे लगेच न्याय होईल. इंग्रजीत दोन परिच्छेद लिहून काढले. अपराधाला कॉन्व्हेंटचं इंग्रजी बरं पडतं.

११ जानेवारी
तीनदा वाचून सराव केला. शेवटच्या वाक्यात माझे डोळे भरून येतात. चांगलं लिहिलं आहे.
ईशानीचा मेसेज, मावशी, हीटर पुरतात ना? काही सांगायचंय का? मी लिहिलं, पुरतात, काळजी करू नकोस.

१३ जानेवारी
परीक्षक आल्या. उंच, सभ्य बाई. त्यांनी फॉर्म वाचला, मीटर बघितला. मीटर ठीक निघाला. मी चहाचा ट्रे आणि चिवडा घेऊन दारातच उभी. कागद कार्डिगनच्या खिशात. त्यांनी विचारलं, हे कसं झालं?
ईशानीने माझ्याकडे बघितलं. तसं थोडा वेळच.
मी तोंड उघडलं आणि विचारलं, शुगर?
ईशानी म्हणाली, शेवटचा ड्रम मी मोजला नाही. चूक माझी.
निकाल: अजून सहा महिने दुसऱ्या कुणाच्या हाताखाली. मग पुन्हा परीक्षा.
बाईंनी चिवडा दोनदा घेतला.

१४ जानेवारी
जेवण गेलं नाही. ढकलगाडीवर कॅन घालून बागेत आणून ठेवला. चाक दोनदा रुतलं. ईशानीला फोन करून उद्या ये म्हटलं.

१५ जानेवारी, संध्याकाळ
दहाला आली. मी कागद काढून दोन्ही परिच्छेद वाचले. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. डोळे आज भरून आले नाहीत.
मग म्हणाली, माहीत आहे मावशी. बटाट्यांच्या मागे होता. मी फावडं घ्यायला गेले होते ना.
मी म्हटलं, मग त्या बाईंना सांगितलं का नाहीस?
म्हणाली, सही माझी होती. मीच मोजायला पाहिजे होतं. आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल. म्हणून मेसेज पण केला.
आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.
मी परीक्षकांना पत्र लिहिते, म्हटलं. वाटलं, राहू दे मावशी म्हणेल. ती म्हणाली, लिहा. या आठवड्यात लिहा, त्यांचा रिपोर्ट सोमवारी जातो.
मग तिने पाइपांतलं एका कॅनएवढं पाणी काढलं आणि कॅन माझ्यासमोर ठेवला. तुम्ही ओता, म्हणाली. मी सील तोडलं, तिने खालून धरलं. शेवटी म्हणाली, उलटा करा, पूर्ण. केला. ती मशीन सुरू करायला आत गेली. दुपारपर्यंत रेडिएटर कोमट झाले. मोहनने कानटोपी काढून मांजराला दाखवली.
नंतर कॅन विसळायला घेतला, तर तळाशी बोटभर राहिलं होतं. जॅमच्या बाटलीत काढून शेडमध्ये ठेवलं.
पत्राला बसले. तारीख घातली. डिअर मॅडम लिहिलं. अक्षर चांगलं आलं आहे.
बाकीचं उद्या.