सतरा नंबरचा प्लॉट, अखजीच्या आधी

प्रिय बाबा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या अखजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, तुम्ही आर्णीजवळच्या लेआउटमधल्या सतरा नंबरच्या प्लॉटचा इसार दिला. पुढे खरेदी झाली.
२. श्रावणात तिथे मांडीभर पाणी साचलं.
३. दिवाळीनंतर तिथे कुंपणाचे खांब रोवताना तुम्ही खाली बसलात. उठला नाहीत.
४. काल नेरहून तुमचे दोस्त सलीमचाचा आले. मुलाच्या गॅरेजसाठी त्यांना तो प्लॉट हवा आहे. इसार येत्या अखजीला.

त्याच दिवशी आम्ही तुमच्या नावाची पहिली घागर भरणार. त्या दिवशी पितर जेवायला येतात, तुम्हीही याल, असं आई म्हणते. म्हणून आत्ता लिहिते आहे.

एक गोष्ट आईला सांगितलेली नाही. खरेदीआधी तुम्ही फोन करून मला विचारलं होतं, "बाई, तुही ती लेव्हलची मशीन घेऊन येतं का एक डाव?" रस्त्यांची पातळी मोजणं हे माझं रोजचं काम. मी म्हटलं, सातबारा फोनवर पाठवा. पाहिला, नाव बरोबर होतं, तसं कळवलं. उत्तर चूक नव्हतं. अपुरं होतं.

पहिल्यांदा जागा घेणाऱ्यांना मी आता सांगते: पावसाळ्यात एकदा तिथे जाऊन उभे राहा. गावनकाशा काढा, नाला कुठून जातो ते पाहा. लेआउट मंजूर आहे का, हे विकणाऱ्याला नव्हे, कार्यालयात विचारा. हद्दीच्या खुंट्या दिसल्या तरी सरकारी मोजणी करून घ्या. शेजारच्या शेतकऱ्याशी बोला. पाणी कुठून येतं, त्याला ठाऊक असतं. हे तुम्हाला सांगायला पाच मिनिटं लागली असती!

पण तुम्हीही अखजीच का धरलीत? आपल्याकडे सगळेच धरतात. भर उन्हाळा, नाला कोरडा, वर मुरूम पसरलेला; नारळ फुटला की व्यवहार पक्का. विकणारा तुमच्या एसटीतला रोजचा प्रवासी. "मानूस पाह्यला, आता जागा काय पाह्यची?" म्हणालात.

गेल्या रविवारी मी तिथे मशीन लावली. प्लॉट रस्त्यापेक्षा एक मीटर दहा सेंटिमीटर खाली आहे. जुन्या नकाशात नाला त्यातूनच जातो. तिथे बांधकामाची परवानगी मिळणार नाही.

चाचा चहा पिताना हसत होते. "भाभी, हा कंडक्टर गाडीतले मानसं तीन-तीन डाव मोजे. त्यानं घेतलेली जागा मी काय मोजू?"

ते गेल्यावर आई म्हणाली, "त्यायनं इचारलं नाई, आपन काहून सांगा? तुले नोकरी हाय. माह्याजवळ या प्लॉटाबिगर काय हाय?"

ती खोटं बोलत नाही. तिच्याजवळ खरंच दुसरं काही नाही.

चाचांनीही माणूस पाहूनच जागा ठरवली आहे. या वेळी तो माणूस तुम्ही आहात, बाबा. मी बोलले तर आई रिकाम्या हातांनी राहील. नाही बोलले तर श्रावणात त्यांचा मुलगा त्याच पाण्यात उभा असेल, आणि चाचा तुमचं नाव घेतील. कसं घेतील?

नकाशाची प्रत काढून ठेवली आहे. या वेळी अपुरं उत्तर देणार नाही, हा शब्द देते. चाचांना नेरला जाऊन सांगेन, आणि त्याआधी आईला तुमचा तो फोन सांगेन.

तुमची हरकत असेल तर अखजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवा.

तुमची,
बाई