पाळकसाहेबांनी प्रश्न उलटे विचारले

चिंचवड, ता. ६ मार्च १९५५

ती. सुमनताईस,
धाकट्या लाजरसचा सलाम. वि. वि.

तर पुन्हा तेच! पोरांना धाक नाही म्हणून ती देवाला विचारत नाहीत, असं तू मागच्या पत्रातही लिहिलंस. अगं, धाक किती दाखवू? मी पिंपरीच्या कारखान्यात खोकी उचलणारा, चौथी नापास. ढोलकी बरी वाजवतो, एवढ्यावर पाळकसाहेबांनी चर्चच्या मंडळीचा तरुण संघ माझ्या गळ्यात घातला. नऊ पोरं येतात. तिघं आईनं ढकललेली, चौघं चहासाठी, छबूबाईंची एस्तेर घरची भांडी चुकवायला, आणि नववा तुझा शमू. तो शाळेसाठी राहतोच माझ्याकडे, जाईल कुठं? प्रार्थनेला डोळे मिटा म्हटलं की एकच डोळा मिटतात.

ईस्टरला पोरांना मंडळीचे सभासद करून घेण्याआधी पंचांपुढे परीक्षा असते, तुला सांगायला नको. सहा आठवडे मी बारा उत्तरं घोकून घेतली. पहिल्याचं पहिलं, दुसऱ्याचं दुसरं, अशी ओळीनं वाटून दिली. आज पाळकसाहेबांनी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केली! पहिल्या पोराला विचारलं, प्रभुभोजनात काय काय असतं. भाकर आणि द्राक्षरस म्हणायचं सोडून त्यानं छाती काढून सांगितलं, आकाश आणि पृथ्वी. दुसऱ्याला आज्ञा किती विचारल्या, तर म्हणे तीन, पिता, पुत्र व पवित्र आत्मा. पंच मारुतराव खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

शमू शेवटचा. तुझा तारणारा कोण, एवढंच विचारलं. उत्तर त्याला येत होतं गं, झोपेतसुद्धा येतं. पण तो म्हणाला, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचं खोटं सांगणार नाही. बाकीच्यांची पुन्हा परीक्षा आहे. त्याचं नाव कापलं. पाळकसाहेब तुला लिहिणार आहेत, म्हणून आधी मीच कळवतो.

कामावरच्या नूरमोहम्मदला सांगितलं, तर तो म्हणतो, लाजरसभाऊ, आमची पोरं नमाजाच्या वेळी पतंग उडवतात, म्हणून काय मशिदीला कुलूप लावू? त्याला हसू येतं. मला येत नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा लाजरस

नेवासे, ता. १२ मार्च १९५५

चि. लाजरस यास अनेक आशीर्वाद.

पाळकसाहेबांचं पत्र तुझ्या आधी आलं. मी बायबलबाई म्हणून वीस खेडी पायी फिरते, परक्या लेकरांना देवाची ओळख करून देते, आणि माझ्याच पोटचा पंचांपुढे उभा राहून ठाऊक नाही म्हणतो! शालनबाईंनी काल मला विहिरीवर विचारलं, की पोराला शहराचं पाणी लागलं का. मी घागर अर्धीच भरून घरी आले.

दोष तुझा आहे. तूही लहानपणी उपासनेतून पळून पेरूवर चढून बसायचास. मामा तसा भाचा. माझं काय चुकलं, सांग. बाप गेल्यापासून त्याला कशाची उणीव पडू दिली नाही. पत्र पोचताच त्याला एस.टी.त बसवून दे. शाळा गेली तर गेली. इथं बोर्डिंगात राहील, रोज दोन्ही वेळा उपासनेला बसेल.

प्रकृतीला जप, डबा वेळेवर खा.
तुझी सुमनताई

चिंचवड, ता. २० मार्च १९५५

ती. सुमनताईस सलाम. वि. वि.

शमूला एस.टी.त बसवलेलं नाही. आधी वाच, मग शिव्या दे.

तुझं पत्र त्याला दाखवलं आणि चांगला झापला. आईची लाज काढलीस, म्हणालो. मग तो म्हणाला, मामा, बाबा दवाखान्यात होते तेव्हा आईनं मला गुडघे टेकायला सांगितलं. लहान लेकरांची प्रार्थना देव मोडत नाही, असं ती म्हणाली होती. अकरा वर्षांचा होता, ताई. तीन दिवस जेवला नाही, आणि चौथ्या दिवशी दाजी गेले. तेव्हापासून त्याला वाटतं, आपणच कुठं तरी कमी पडलो. नाही तर देव कमी पडला. यातलं खरं कोणतं, हे तुला विचारावं, तर तू कायम दुसऱ्यांचे डोळे पुसण्यात.

मी काय सांगणार? आधी नेहमीसारखा ओरडलो. मग त्याच्या परवानगीनं तो प्रश्न संघात मांडला. पहिल्यांदाच कोणी चहा विचारला नाही. एस्तेर म्हणाली, माझी धाकटी बहीण गेली तेव्हा मीही हेच विचारलं, तर आईनं थोबाडीत दिली. पाळकसाहेब दाराशी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, याचं उत्तर मलाही येत नाही. नाव कापलं आहे, बसायची जागा कापलेली नाही.

शमू अजून विश्वास ठेवतो असं मी लिहिणार नाही. तो येतो, बसतो, वाद घालून माझं डोकं खातो. त्याला दोन वेळा उपासनेला बसवलंस तर तो बसेलही, पण तुझ्याशी कधी बोलणार नाही. त्याची शाळेची परीक्षा एप्रिलात आहे, तो इथंच राहील. मोठ्या बहिणीचा शब्द मी आजवर मोडला नव्हता.

तूच ये. वचनं सांगायला नको. त्याच्याजवळ बसून तुलाही ठाऊक नाही, एवढं म्हणता आलं तर म्हण.

कमीजास्त लिहिलं असेल तर लहान म्हणून पोटात घाल.
तुझा लाजरस

ता. क. एस.टी.चं जायचं-यायचं भाडं आणि वाटेतला चहा धरून उद्या मनीऑर्डर करतो आहे. रुपये अकरा.