मागून भिजलेला झगा

शनिवार, ७ डिसेंबर

वेरित्सा,

तू बरी असशील. मारिबोरला थंडी सुरू झाली असेल. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, दात दोन उरलेत, जीभ शाबूत आहे. आंबट कोबीचं पिंप भरून झालं. डुक्कर यंदा शेजाऱ्यांच्यात अर्धं घेतलंय. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस, म्हणून हे चौथीपर्यंतचं अक्षर सहन कर.

तुझी नेवेना माझ्याकडेच आहे. सातवा लागला. जावई ट्रक घेऊन जर्मनीत, आणि त्यांचं निशमधलं घर चौथ्या मजल्यावर, म्हणून मीच म्हटलं, इकडे ये. पोरगी हल्ली चालत नाही, आदळते. तीन बशा फुटल्या. टेबलाचा कोपरा रोज पोटाला लागतो, कारण पोट किती पुढे आलंय ते तिच्या अजून ध्यानातच बसत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या दिवसांत सांधे सैल पडतात, बोटं सुजतात, तोल पुढे जातो. दोष कुणाचा नसतो. मी जन्मभर तो बाईचा दोष समजत आले. आता न्हाणीत जुनी सतरंजी अंथरलीय, वाटेतल्या खुर्च्या काढल्यात, आणि आम्ही दोघी कैद्यांसारख्या पत्र्याच्या ताटलीत जेवतो.

मागच्या आठवड्यात ती अंगणात पडली. मला सांगितलं नाही. न्हाणीत तिचा झगा बादलीत बुडवलेला दिसला, मागच्या बाजूला चिखल. तशीच बसमध्ये घालून दवाखान्यात नेली. बाळ ठीक आहे, लाथा मारतंय. येताना विचारलं, लपवलंस का गं? म्हणाली, "आईने सांगितलंय, आजीसमोर पडायचं नाही."

बरोबरच सांगितलंस.

सव्वीस वर्षं झाली. आपल्या घरचा स्लावा होता, घराण्याच्या संताचा, निकोलाचा सण. त्या दिवशी सुनेने ताट घेऊन दारात उभं राहायचं, येईल त्याला आधी गोड गव्हाचा चमचा द्यायचा, मग पाहुणा आत बसणार. तूही सातव्यात होतीस. दुपारी तुझ्या हातून ताट पडलं, संताचा गहू जमिनीवर. आणि मी चाळीस माणसांत म्हणाले, "हिला हात दिलेत ते भांडी फोडायला. पोर तरी धरता येईल का, कुणास ठाऊक." लोक हसले. तूही हसलीस, आणि गुडघे टेकून गहू वेचलास.

दोन दिवसांनी मूल मेलेलंच आलं. तेव्हा तू बोललीस, की स्लावाच्या सकाळी विहिरीपाशी बर्फावर पडले होते. माझा लेक तिहोमिर मरेपर्यंत म्हणत राहिला, हिने वेळेवर सांगितलं का नाही. मी त्याला म्हणू दिलं.

वेरित्सा, मला माहीत होतं. पाणी घेऊन तू आत आलीस तेव्हा झगा मागून भिजलेला, त्याला बर्फाचा चुरा चिकटलेला, आणि तुझा एक हात कमरेवर. मी पाहिलं. फाटकाशी पाद्रीबाबांची गाडी लागली होती. मी तुझ्या हातात ताट दिलं.

तिहोमिरच्या कबरीवर जाऊन सांगितलं.

परवा नेवेनाला सांगितलं. वाटलं, एवढं ऐकल्यावर तरी ती माझ्यापासून काही लपवणार नाही. म्हातारी झाले तरी अक्कल आली नाही. तिने एकच विचारलं, "बाबांना माहीत होतं?" मी म्हटलं, नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. चुलीपाशी उभ्यानेच दोन घास खाते आणि खोलीत जाऊन आतून कडी घालते. त्या कडीमागे ती पडली तर हाक कुणाला मारेल? मला तर मारणार नाही.

म्हणून तू ये. माझं तोंड बघायचं नसेल तर मी बहिणीकडे जाते, तिला विचारून ठेवलंय. तू फाटकात शिरलीस की मी मागच्या दाराने निघेन. बाळंतपण होऊन तुम्ही जाईपर्यंत फिरकणार नाही. बाळ मला दाखवायला आणू नका.

माफी मागत नाही. तिहोमिर असता तर मागितली असती, त्याच्यासमोर तुझी.

'तुझी सासू' असं लिहिलं होतं, ते खोडलंय.

जिने पाहिलं होतं, ती
स्तामेना