कुंचल्याचं पत्र

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू जिवंत आहेस हे तुझ्या खोलीखालच्या चष्मेवाल्याकडून कळलं. आनंद झाला. आता मी रागवायला मोकळा.

तू सारखी घरं बदलतेस, म्हणून तुझ्या विद्यापीठाचं माजी विद्यार्थ्यांचं वार्तापत्र माझ्याच दवाखान्यात येतं. काल एका पेशंटच्या दाढेत सिमेंट भरलं आणि ते सुकेपर्यंत अंक चाळत बसलो. कुणी पूल बांधला, कुणाच्या लघुपटाला बक्षीस मिळालं, कुणाचं चौथं पुस्तक आलं. आणि शेवटच्या पानावर काळ्या चौकटीत तू, फोटोसकट, खाली सांत्वनासाठी माझ्याच दवाखान्याचा पत्ता. 'ज्यांचा नदीचा पडदा आजही रंगभूमीवर आठवला जातो, त्या ज्येष्ठ नेपथ्यकार' वगैरे.

तुला फोन लावला. करवतींनी तुझे कान खाल्लेत हे माहीत असूनही लावतच राहिलो. मग चष्मेवाल्याचा नंबर आठवला. तो म्हणाला, बाई आत्ताच जिन्यात पाणी सांडलं म्हणून मला झापून वर गेल्या. पेशंट आ वासून बसलेला आणि डॉक्टर रडतोय! बिचाऱ्याला वाटलं, आपल्या दाढेचं काही खरं नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ती चौकट वाचून हे खोटं असेल, असं मला एकदाही वाटलं नाही. तुझं शेवटचं पत्र कधी आलं तेच आठवेना, ताई. कशाच्या जोरावर खोटं म्हणणार?

दुरुस्ती छापा म्हणून कळवतो. अधूनमधून चार ओळी टाकत जा, म्हणजे लोभ आहे हे आम्हाला चष्मेवाल्याला विचारावं लागणार नाही.

तुझा
धाकटा


९ ऑगस्ट

चि. दातपाड्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली चौकट पाहिली. फोटो बरा निवडलाय, तेव्हा मला गाल होते.

दुरुस्ती एवढ्यात कळवू नकोस. हसू नकोस, पण माझ्याबद्दल कोण काय लिहितं ते मला बघायचंय. मला येणारं टपाल म्हणजे विजेचं बिल. दिवसभर मी एका वास्तुविशारदाच्या कचेरीसाठी पुठ्ठ्याची घरं करते. हातभर खोल्या, बोटभर जिने. संध्याकाळी खोलीवर येते. दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी, दुसरीवर सरसाचे डबे. बोलायला कुणी नसलं की कान गेल्याचंही काही वाटत नाही.

एक घोळ मात्र त्यांनी पक्का घातलाय. नदीचा पडदा माझा नाही, कुंचल्याचा आहे. तुला ती आठवत असेल, आपल्याकडे जेवायला येऊन भिंतीच्या रंगाला नावं ठेवणारी. मी भिंती, दारं, जिने ठोकायची आणि ती रंगवायची. सगळं विद्यापीठ आम्हाला खिळा-कुंचला म्हणायचं आणि कोण खिळा, कोण कुंचला, यात कायम गोंधळ करायचं. तो पडदा तिने एकटीने रंगवला. दिवा बदलला की त्याच नदीवर पहाटेची रात्र व्हायची. मी फक्त दोरी ओढली.

पुढे एका नाटकात तिने मी ठोकलेलं दार मला न विचारता हिरवं केलं. मी सगळ्यांसमोर बोलले, ती ब्रशांचा डबा उचलून गेली, त्यानंतर आठ वर्षं आम्ही तोंडं पाहिली नाहीत. पण आपला पडदा माझ्या नावावर बघून तिचं माथं भडकेल. मेलेल्या माणसाशीही भांडेल ती. तुझ्या पत्त्यावर तिचं पत्र येणार म्हणजे येणार. तेवढं येऊ दे, मग मला खुशाल जिवंत कर.

पेशंटना रडवत जा, स्वतः रडू नकोस.

ताई


१८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत तुझ्या सांत्वनाचा गठ्ठा. पुलवाला लिहितो की हातोडी धरायला तू शिकवलीस. आता न्यायाधीश झालेल्या तुमच्या त्या नटीने तुझ्या पडद्यापुढे उभं राहून आपण वाक्यं कशी विसरलो, ते चार पानं लिहिलंय. एक गृहस्थ तर थेट दवाखान्यात येऊन माझ्या गळ्यात पडले. मग म्हणाले, आलोच आहे तर जरा ही दाढ बघता का.

कुंचल्याचं काही नाही.

ताई, मला हे जमेनासं झालंय. 'आपला आभारी आहे' असं लिहिताना हात थांबतो. येत्या आठवड्यात मी स्वतः त्यांच्या कार्यालयात जाणार आहे. रागवलीस तरी चालेल, रागावण्याइतकी जवळ तरी असशील.

तुझा
धाकटा


२३ ऑगस्ट

चि. दातपाड्यास,
आशीर्वाद.

पत्रं वाचली. मोठ्याने वाचली, म्हणजे थोडीफार ऐकू आली. किती गोड लिहिलंय मेल्यांनी! यातला एक जण जरी एखाद्या संध्याकाळी आला असता, तरी मी दुसऱ्या खुर्चीवरचे डबे उचलले असते. आणि प्रत्येकाच्या पत्रात तो पडदाच. माझे जिने कुणालाच आठवत नाहीत. ते न पडता त्यावरून गेले ना, म्हणून.

तिने वाचलं नसेल का? की वाचून अंक बाजूला ठेवला असेल? भांडली असती तर चाललं असतं. गप्प बसावं इतकी का मी परकी झाले?

कार्यालयात जाशील तेव्हा तिचा पत्ता विचार. मीच लिहिते. आठ वर्षं ताठ राहून मान दुखायला लागली.

ताई


३० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर तुला ऐकू आलं नसतं, आणि ओरडून सांगावं असं हे नाही. म्हणून लिहितो. बसून वाच.

कार्यालयातल्या बाई भल्या होत्या, फार ओशाळल्या. म्हणाल्या, जुलैत कुणा घरमालकाचा फोन आला होता, नाव नीट ऐकू आलं नाही, एवढंच कळलं की तुमच्याकडच्या नेपथ्यवाल्या बाई गेल्या, नदीचा पडदा करणाऱ्या. त्यांनी नोंदी काढल्या. तू दर वर्षी आपली माहिती न चुकता पाठवतेस. तिने कधी एक ओळ पाठवली नाही. नेपथ्यवाली म्हणून त्यांच्याकडे एकटी तूच होतीस.

ताई, कुंचला गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही, असं घरमालक म्हणतात. मी त्यांच्याशी बोललो.

शनिवारी सकाळी मी येतो आहे. दवाखान्याला कुलूप लावलंय.

तुझा
धाकटा


३ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. कालपासून तो गठ्ठा पुन्हा वाचते आहे. एक हातोडी सोडली तर सगळी पत्रं तिच्यासाठीच होती रे. मी उगाच फुशारत बसले. आणि मी ज्या पत्राची वाट बघत होते, ते लिहायला ती नव्हतीच.

दार हिरवं नको होतं, हे मी अजूनही म्हणेन. पण म्हणू कुणाला?

वार्तापत्राच्या बाईंना आजच कळवलंय की चौकट तीच ठेवा, मजकूरही तोच ठेवा, पडद्याचं सगळं खरं आहे, नाव तेवढं तिचं घाला. फोटोचं मात्र अडलं. सगळे काढून बघितले, एकातही ती एकटी नाही. कात्री हातात घेतली आणि ठेवून दिली. शेवटी दोघींचाच पाठवलाय, माझ्या अर्ध्या जिन्यावर बसून चहा पितानाचा.

शनिवारी नक्की ये. सरसाचे डबे खाली ठेवलेत, खुर्ची पुसून ठेवली आहे. बोलताना माझ्या उजव्या कानाशी बस.

फोटोखाली काय छापायचं तेही त्यांना लिहून दिलंय, म्हणजे पुन्हा घोळ नको. डावीकडची गेली. उजवीकडची अजून आहे.

ताई