रिकाम्या गोलात गेलेला बॉल

प्रिय मारोती,

मोठ्यांना तीर्थरूप लिहावं आणि धाकट्यांना चिरंजीव, असं आपल्याला शाळेत शिकवलं. तू धड मोठा नाहीस, धड धाकटा नाहीस, एका बाकावरचा. आणि चिरंजीव लिहायची सोय तर तू स्वतःच घालवलीस. म्हणून प्रिय. जिवंतपणी कधी म्हटलं नव्हतं, आता ऐकून घे.

आज लिहायचं कारण असं की आपण सेमीफायनलला गेलो!

हो, आपण. काल लीगची शेवटची मॅच झाली, एक-एक बरोबरी. रेफरीनं गुणांची बेरीज पुन्हा पुन्हा करून पाहिली, तरी आपण चौथेच राहिलो, आणि पुढे चारच टीम जातात. बेरजेत आपल्याला यश मिळाल्याचा हा पहिलाच प्रसंग. आता रविवारी आपल्याच गायरानावर पूर्णेच्या स्टेशनवाल्या पोरांशी गाठ आहे. ती पहिल्या नंबरवर आहेत आणि त्यांच्या सगळ्यांच्या पायांत एकाच रंगाचे बूट असतात. आपल्याकडे एकाच माणसाच्या दोन्ही पायांत एका रंगाचे असले तरी पुष्कळ.

ही बातमी सगळ्यात आधी कुणाला सांगायची होती, सांग बरं? आणि तूच नाहीस! हे काही बरं केलं नाहीस मारोती.

जाताना म्हणाला होतास, "पंडित, मेंढरं घेऊन चुडाव्याच्या शिवारात बसाया चाललोय. फुडच्या मॅचला येतो. तवर जाळी तेवढी शिवून ठिव." ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होतीस, त्याच रानात पहाटे तुझ्या छातीत कळ आली. गावात निरोप येईपर्यंत दुपार झाली होती. मी तेव्हा गोलपोस्टाखाली बसून जाळी शिवत होतो. येलदरीच्या भोयांनी टाकून दिलेली ती जुनी जाळी, तूच खांद्यावर टाकून आणलेली. "मासा सुटंल, बॉल न्हाई सुटणार," म्हणाला होतास. सुई माझ्या हातात तशीच राहिली.

तू असताना मैदानाला कधी विळा लागला नाही. मॅचच्या आधी दोन दिवस तुझी मेंढरं सोडायची, की गवत कसं नुकतीच हजामत केल्यासारखं! पाहुण्या टीम विचारायच्या, कोणतं यंत्र वापरता? तू गंभीर चेहऱ्यानं म्हणायचास, "देशीच हाय. चार पायाचं." खताची व्यवस्थाही त्याच यंत्रात होती, हे त्यांना घसरून पडल्यावर कळायचं.

चाळिशी उलटून गेलेला गोलकीपर! टीमच्या वयाची सरासरी तू एकटा वाढवायचास. पोरं तुला मामा म्हणायची आणि तू त्यांना एकच मंत्र द्यायचास : "बॉलकडं बगा, माणसाकडं न्हाई. माणूस झुकांडी देतो, बॉल देत न्हाई." मी तुला म्हटलं होतं, याचं संस्कृतात सुभाषित करून देतो. तू म्हणालास, "नको. मग पोरायला समजायचं न्हाई."

आपल्याकडे एक वाईट खोड होती. गोल मारणाऱ्याला सगळे खांद्यावर घ्यायचे; अडवणाऱ्यासाठी कुणी टाळी वाजवायचं नाही. ते तर त्याचं कामच! मेंढरं राखणाऱ्यालाही कुणी म्हणत नाही की वा, आज एकही हरवलं नाही. तू काही बोलायचा नाहीस. बॉल लांब मारायचास आणि पुन्हा पोस्टाला टेकून उभा. आता वाटतं, बोलायला हवं होतंस रे! तुझ्या गप्प बसण्यानं आमची फार सोय झाली.

पण खरी हळहळ वेगळीच आहे, आणि ती सांगितल्याशिवाय तू मला सोडणार नाहीस.

तू गेलास त्यानंतर दत्ता, आपला कॅप्टन, सगळी टीम घेऊन माझ्या ओट्यावर आला. "गुर्जी, आमाला सुतक लागतंय का?"

म्हटलं, "सुतक भावकीला. टीमला गोत्र नसतं."

तो उंच बालाजी, नेहमी बॅकला खेळणारा, तो उसळलाच. "एका घागरीत अकरा जण तोंड घालतोत, एकाची घामेजली जर्सी दुसरा घालतोय, अन् भावकी न्हाई म्हणताव? आमचे सख्खे भाव बी एवढं करत न्हाईत!"

इतकी वर्षं शास्त्र शिकवलं, पण एका घागरीची तरतूद कुठे सापडेना. म्हटलं, बरं, पाळा.

आणि मारोती, त्यांनी पाळलं! पायांत बूट नाहीत, बॉलला हात नाही. तुझ्या दहाव्याच्याच दिवशी दुपारी आपली मॅच होती, राणीसावरगावकडून येणाऱ्या टीमशी, इथेच. लीगमधली सगळ्यात सोपी मॅच. दहावा सकाळी, मॅच दुपारी. दोन्ही झालं असतं. पण सुतकात खेळायचं कसं? मॅच सोडली.

जगात सुतकापायी मॅच सोडणारी दुसरी टीम असेल का रे? तू असतास तर एकेकाला काठीनं हाणलं असतंस.

नदीवर पिंड ठेवला. कावळा बाभळीवर येऊन बसला, पण खाली उतरेना. गयावहिनी म्हणाल्या, "मेंढरं इकणार न्हाई मी." नाही उतरला. तुझा भाऊ म्हणाला, "तिला अंतर देणार न्हाई." नाही. दत्ता हात जोडून पुढे झाला, "मामा, तुमची जर्सी कुणाला घालू देणार न्हाई." कावळ्यानं पाठच फिरवली! उन्हं चढली, बायांची पोरं रडायला लागली, तरी सगळी टीम एका ओळीत उभी. शेवटी भटजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी दर्भाचा कावळा वळला. पाठशाळेत असताना तो वळायचा मला कंटाळा होता. त्या दिवशी हातून इतका नीट झाला की माझा मलाच राग आला. त्या गवताच्या पाखरानं पिंड शिवला आणि आपण सगळे घरी आलो.

आणि तिकडे मैदानावर? पाहुणी टीम वेळेवर आली. आपलं कुणीच नाही. रेफरीनं वाट पाहिली आणि मग वॉकओव्हरची आपल्याकडची रीत केली : शिट्टी वाजवली, आणि त्यांनी चालत येऊन एक बॉल रिकाम्या गोलात ढकलायचा. ज्यानं तो मारला, त्यानं नंतर दत्ताला फोन केला. म्हणाला, "भाऊ, पाय उचलंना गेला. मामा नसलेला गोल लय मोठा दिसायला."

मी शिवलेल्या जाळीत गेलेला पहिला बॉल तो. आणि समोर कुणी नव्हतं.

तेव्हा मला उशिरा उजेड पडला. तुला काय हवं होतं हे आम्ही अकराच्या अकरा तुझ्यासमोर उभे राहून एकमेकांना विचारत होतो! कावळ्याच्या मनातलं वाचण्याची विद्या मला येत नाही, पण तुझ्या मनातलं तरी वाचता यायला हवं होतं की नाही?

आता पुढचं ऐक. रविवारी तुझा महिना आहे. तिथी मीच काढून दिली आणि मीच कपाळाला हात लावला. सामना पुढे ढकलता येत नाही. दसरा झाला की टोळ्या उसावर निघतील आणि अर्धी टीम कोयता घेऊन गाडीत बसेल. आज सकाळी मैदानावर गेलो तर पोरं घोटाभर गवतात बसून होती. बॉल मधोमध, पोरका.

दत्ता म्हणाला, "गुर्जी, महिन्याच्या दिशी खेळावं का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मेंढरं आली. त्यांच्यामागे गयावहिनी. चेंडूच्या नावानं जन्मभर बोटं मोडलेली बाई, तू गेल्यावर पहिल्यांदाच मैदानात!

"कामून बसलाव रे, पायाला मेंदी लावल्यावानी?"

"मामी, रविवारी मामाचा महिना हाय. आमी म्हणायलोत, त्या दिशी घरी येऊन निवदाला बसावं."

"घरी?" वहिनींनी काठी जमिनीत रोवली. "जित्तेपनी रविवारी कवा घरी जेवला का त्यो? मी ताट वाढून बसायची अन् ह्यो इथं खांबाला टेकलेला. आता मेल्यावर येळंवर येईल म्हणताव? निवद मी हितंच आणते, जाळीच्या मागं ठिवते. खायाचं तर खाईल. न्हाई तर राहील उपाशी, सवय हाय त्याला."

दत्ता हसला, आणि हसता हसता तोंड फिरवून उभा राहिला.

मेंढरं चरत पुढे सरकली. पोरं त्यांच्यातूनच बॉल मारायला लागली. बालाजी गोलात उभा राहिला, तुझी जर्सी घालून. दत्तानंच दिली. काखेत घट्ट होते त्याला. पहिले दोन बॉल त्याच्या हातून सुटले, कारण तो सारखा वहिनींकडे बघत होता. वहिनी मला म्हणाल्या, "गुर्जी, त्या बालाज्याला सांगा, बॉलकडं बग म्हणावं, माणसाकडं न्हाई."

मारोती, ही बाई तुझं सगळं ऐकत होती रे! आणि तुला वाटायचं, तिला यातलं काही कळत नाही. माझ्याशिवाय आणखी एका माणसाची ही चूक झाली, एवढंच मला समाधान.

स्टेशनवाली पोरं चांगली आहेत, आपण बहुधा हरू. पण खेळून हरू. तिसरा बॉल बालाजीनं अडवला तेव्हा मी टाळी वाजवली. एकट्याची टाळी फार विचित्र वाजते. रविवारी सगळ्यांकडून वाजवून घेईन.

वचन एवढंच देतो. पान जाळीच्या मागे असेल, आणि कावळा आला की नाही हे पाहायला आमच्यातला एकही जण मान वळवणार नाही. मीसुद्धा नाही. दर्भही बरोबर घेणार नाही. आम्ही सगळे बॉलकडे बघत असू. तू तेवढ्यात जेवून घे. गोल रिकामा नसेल.

तुझा,
पंडित