नावं येण्याआधी लागलेले दिवे

६ मार्च, संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटे

याच वेळी गुन्हा घडला. सिनेमा संपला, शेवटची नावं यायची होती, आणि फिल्म क्लबच्या सेक्रेटरीने मशीन बंद करून दिवे लावले.

चारदोन मित्रांनी पदरमोड करून काढलेला सिनेमा. त्यात बेकरीवाली विधवा पीठ मळते आणि रेडिओवर चेलो वाजतो. तीच धून! कॉन्व्हेंट शाळेत संगीताच्या वर्गाचं दार लावून सिस्टर ती पियानोवर वाजवत. नाव विचारलं की, "गणित झालं का, मुली?" जन्मभर गुणगुणत आले, नाव माहीत नाही. आज पडद्यावर आलं असतं.

असल्या सिनेमांच्या शेवटच्या नावांवरच तर माझं संगीताचं शिक्षण झालं. नाव टिपायचं, लायब्ररीतून रेकॉर्ड आणायची. "लोक सिनेमा पाहतात, तू पाट्या वाचतेस," असं हे म्हणायचे. बरोबरच होतं.

७ मार्च

सेक्रेटरीला गाठलं.

"मावशी, नावं कोण वाचतं?"

"मी. आणि मी तुमच्या आईची बहीण नाही."

लेखी खुलासा मागितला.

९ मार्च

खुलासा आला, तोंडी. गेल्या महिन्यात मी हॉलची पायरी चुकले. त्यावर आमच्या चिरंजीवांनी त्याला फोन केला: "आईला अंधारात दिसत नाही. सिनेमा संपला की लगेच दिवे लावा. पण तिला कळू देऊ नका."

कुंपणानेच शेत खाल्लं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेला, आणि म्हणे दिसत नाही.

शनिवारी तेवढा शेवट पुन्हा दाखवायचं कबूल करून घेतलं. दिवे बंद ठेवून.

१४ मार्च

हॉलमध्ये सेक्रेटरी आणि मी. नावं आली. पांढऱ्या मुंग्या वर चढत गेल्या. एकही वाचता आलं नाही.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपणहून मोठ्याने वाचायला लागला. छायाचित्रण कोणाचं, कपडे कोणी शिवले, पाव कोणी भाजले. मग: "चेलोवरची धून, पारंपरिक अंगाई."

अंगाई. सिस्टर दार लावून अंगाई वाजवत.

"पुढचं वाचू, मावशी?"

"वाचा."

१५ मार्च

चिरंजीवांना चिठ्ठी धाडली. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन चालणार नाही. अक्षर मोठं काढ.