चाकोरीहून वीतभर रुंद

ता. ११ नोव्हेंबर १८८३, रविवार

स्वतःच्या हाताने केलेले आजवर — सागाची साटी, म्हणजे बसायचा तळ. चाकांचे बाभळीचे दोन तुंबे, आरे सगळे. आस. जू. वर बांबूच्या कमानी, त्यांवर मेणकापडाचे छत. मागे बिजागरीची फळी. खाली पाडली की स्वयंपाकाचा ओटा, वरून पत्रा मारून त्यावर चूल. भांड्यांचा खण — चिंध्या भरल्या आहेत, भांडे वाजत नाही. कंदिलाला आकडा. बाजूने ओढून खुंट्यांवर ताणायची कनात. चाकांवर लोखंडी धाव तेवढी नाथा लोहाराने चढवली. मी शेजारी उभा राहून सांगत होतो, तेव्हा तीही माझीच म्हणायला हरकत नाही, पण नको. खरे ते लिहावे.

कोणाकडे शिकलो नाही. कचेरीत नकला करतो, आणि हिवाळ्यात साहेब दौऱ्यावर निघाला की दप्तर घेऊन मागे. साहेबाचा तंबू, साहेबाची तिवई, साहेबाची घडीची खाट — सगळे निरखून पाहिले आहे. सगळ्यात चुका आहेत. खाटेची घडी होते, साहेब वर निजलेला असतानाच.

ता. १४

शेजारचे विठ्ठलराव ओट्यावरून — "काय हो, कायस्थ प्रभूंनी लेखणी टाकून वाकस धरला? आता सुतारांच्या पंगतीला बसायचं!"

मी रंधा मारीत होतो. थांबलो नाही.

"बरं, घराला चाकं लावलीत. विहिरीला केव्हा?"

म्हटले, विहिरीची गरज नाही, दोन घागरींची जागा केली आहे. वेताची कडी आहे, हिंदकळत नाहीत. साहेबाच्या गाडीला कातड्याची पखाल असते, पण कातड्यातले पाणी आमच्या घरात चालायचे नाही. विठ्ठलराव आत गेले. तपशील सांगितला की माणसांना कामे आठवतात.

ता. १८, रविवार

पाळणा टांगला. हीच मुख्य गोष्ट, बाकी सगळे तिच्याभोवती.

पत्नी सुमती आठ वर्षांपूर्वी तळ्याच्या पायरीवरून पडली. खुब्याचे हाड वेडेवाकडे सांधले. एक पाय आखूड. घरात भिंत धरून चालते, पण गाडीत बसली की प्रत्येक दगड खुब्यात लागतो. शेवटी बसली तेव्हा दुर्गाडी किल्ल्यापर्यंतही गेली नाही, उतरवून आणावी लागली. तेव्हापासून अंगणाबाहेर पडली नाही. माहेर धसईला, मुरबाडच्या पुढे. आई तिथे एकटी.

मेणा करू म्हटले होते. ती म्हणाली, "माणसांच्या खांद्यावरून एकदाच जाईन. तेव्हा विचारू नका, खुशाल न्या."

म्हणून पाळणा. चार खांबांना नवार, नवारीवर गादी. साटी कशीही आपटो, वर धक्का पोचत नाही. दोन्ही बाजूंना झुलायला मोकळी जागा पाहिजे. त्यासाठी आस वीतभर लांब घेतली आहे. इतकी रुंद गाडी कल्याणात दुसरी नाही.

ता. १९

बसत नाही म्हणते!

"आधी त्यात पाण्याचा हंडा ठेवून पाहावा."

ता. २०

काठोकाठ भरलेला हंडा पाळण्यात ठेवून गाडी दुर्गाडीपर्यंत नेऊन आणली. बैल आणि हाकणारा काळुराम, मानपाड्याचा. तो सगळ्या वाटेने लोकांना सांगत होता, "हांड्याची वरात हाय." मी लक्ष दिले नाही. गादी कोरडी. तिला दाखवली. हात लावून पाहिला.

"पण मी हंडा नाही," म्हणाली.

ता. २

डिसेंबर. काही लिहिण्यासारखे नाही. पश्चिमेला आजही आकाश तांबडे, दिवस बुडून गेल्यावर कितीतरी वेळ. गावभर चर्चा. विठ्ठलराव म्हणतात अपशकुन. मला त्या उजेडात खिळे मारता येतात.

ता. ९, रविवार

आज तिने आत डोकावून सगळे पाहिले. खण ओढला. आकडा हलवला. मी वाट पाहत होतो, काय म्हणते.

"देव कुठे बसायचे?"

देव राहिले होते. दुपारी फडताळ केले, समोर कठडा, म्हणजे पडणार नाहीत. तिला सांगितले की मुद्दाम शेवटी ठेवले होते. ती हो म्हणाली.

ता. १९

धसईचा एक माणूस भात घेऊन बाजारात आला होता. निरोप — आईने अंथरूण धरले आहे, दोन दिवस पेजेखेरीज काही नाही, आणि सुमीला बोलवा एवढेच म्हणते. माणूस म्हणाला, "पौष बघंल असं वाटत नाय."

अमावास्या होऊन पौष लागायला दहा दिवस आहेत.

सुमती संध्याकाळी भिंत धरत अंगणात आली, गाडीच्या चाकाला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "वर चढायला पायरी नाही केलीत."

आहे! मागच्या फळीच्या खाली, ओढली की निघते. ओढून दाखवली.

ता. २४, सोमवार

कचेरीला नाताळची सुटी. निघालो. मी चालत, काळुराम जुवाशी, सुमती पाळण्यात, डोळे घट्ट मिटलेले. पहिला दगड आला. दुसरा आला. मग तिने एक डोळा उघडला.

"लागतंय?"

"बोलू नका. वाट पाहतेय लागायची."

नदीच्या उतारात पाणी तुंब्याला लागले. तुंब्यात पाणी शिरले नाही. मुक्काम आंबराईत. कनात ताणली, मागची फळी पाडली, पत्र्यावर चूल पेटवली. सुमतीने पाळण्यात बसल्याबसल्या पिठले हाटले. धूर सगळा छतात शिरला. वारा उलटा होता.

काळुराम खोकत बाहेर पळाला, "मासळी भाजताव का मानसा?"

ता. २५

मुरबाडपर्यंत खडीचा रस्ता, गाडी उत्तम. पुढे कच्ची वाट सुरू झाली, आणि तिथे एक प्रकार झाला.

त्या वाटेला चाकोऱ्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या भाताच्या गाड्या जाऊन दोन खोल चर पडलेत, गुडघाभर. डावे चाक चाकोरीत बसले. उजवे बसले नाही. ते वीतभर बाहेर, कडेच्या उंचवट्यावर. इकडच्या सगळ्या गाड्यांच्या दोन चाकांमधले अंतर एकच, म्हणून चाकोऱ्यांमधलेही तेच. माझी आस वीतभर लांब. आसेत चूक नाही. चाकोरी अरुंद आहे.

गाडी डावीकडे कलली आणि तशीच चालू लागली. एक चाक खाली, एक वर.

काळुराम — "रावसाब, वाटंचं माप घेतलं व्हतं का?"

म्हटले, मी वाट बांधलेली नाही.

आत पाहिले. छत कलले होते, कंदील कलला होता, कठड्याला टेकून देव कलले होते. पाळणा मात्र टांगलेला, तेव्हा ओळंब्यासारखा सरळ. सगळ्या गाडीत ही एकटी सपाट.

"अहो, चालते कशी पाहिलीत? एक पाय खाली, एक पाय वर. अगदी माझ्यासारखी!"

आणि हसली. मोठ्याने. काळुरामपण हसला, मग मला पाहून बैलांना शिव्या देऊ लागला. तिचे हे हसणे आठ वर्षांत ऐकले नव्हते. मी हसलो नाही. आसेवर ताण किती येतो ते पाहत होतो.

मागून भाताच्या सहा गाड्या येऊन उभ्या राहिल्या. "ए, काय लगीन हाय का? हलवा पालखी!" पुढे सरकावे तर उजवे चाक ढेकळावरून घसरते, बैल अडतात. असे चाललो तर धसई परवा. आणि परवापर्यंत आई असतील का, सांगता येत नाही. सुमतीने हसणे थांबवले होते. कठड्याशी कललेल्या देवांकडे पाहत होती.

मी म्हटले, मुरबाडला परतून आस कापून घेतो. रात्रीत होईल.

ती म्हणाली, "कापायची नाही. चाकोरी सोडा की."

"वाट सोडून जायचं कुठून?"

"शेतांतून. भात कापून झालंय. लहानपणी मी याच शेतांतून पळत जायची, मला ठाऊक आहे. त्या ताडाच्या रोखाने घ्यायला सांगा."

घेतली. आणि नमूद करून ठेवतो — खाचरांतून, दगडांतून, ओढ्याच्या काठावरून, जिथे दुसरी कोणतीही गाडी उलटली असती तिथे ही डगमगली नाही. रुंद आहे म्हणून. प्रत्येक बांधाशी कुदळीने उतार करायचा, गाडी पार झाली की बांध पुन्हा लावायचा. काळुराम म्हणे, "कोन बघतंय?"

मी बघतोय.

सुमती पाळण्यातून हात काढून सांगत होती — डावीकडे. आता बोरीच्या मागून. मला वाट सांगणारे माणूस गाडीत असेल हे मी धरलेच नव्हते. त्यासाठी पुढचा पडदा गुंडाळून वर बांधता यायला हवा. बंद लावले पाहिजेत.

ता. २६

पोचलो. आई जिवंत आहेत.

दारात पायरी ओढली. सुमती स्वतः उतरली. भिंत नव्हती, तर चाक धरले, मग माझा खांदा, मग सोडला. आत गेली. मी बाहेर बैलांना पाणी पाजत राहिलो. मग आईंचा आवाज, बारीक, पण स्पष्ट — "सुमे, कशात आलीस? मेण्यात?"

"गाडीत."

"खोटं बोलतेस. दाखव."

शेजारच्या चौघांनी आईंना उचलून दाराशी आणले. पाहिली. म्हणाल्या, "घंटा नाही लावली जावईबापूंनी."

बैलांच्या घंटा हा माझा विषय नाही.

ता. २८

ज्यांना पौष दिसायचा नव्हता त्यांनी आज दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर वालाचे बिरडे. आता म्हणतात, पौषात लेकीला माहेराहून धाडत नाहीत. हे कोठे सांगितले आहे ते विचारले नाही. मला कचेरी आहे. गाडी, बैल आणि काळुराम इथेच ठेवून उद्या एका भाताच्या गाडीतून परत. ती गाडी चाकोरीत नीट चालेल. अंग मोडून जाईल.

ता. २ जानेवारी १८८४

अंग मोडले आहे.

ता. १३

घर मोठे वाटते. भिंतीवर तिचा हात धरून धरून काळपट पट्टा उमटला आहे, कमरेच्या उंचीवर, माजघरापासून चुलीपर्यंत. मोजला नाही.

ता. १ फेब्रुवारी

आली! मी ओट्यावर. विठ्ठलरावांनी आधी पाहिले, रस्त्याकडे हात केला.

पुढचा पडदा वर बांधलेला. कासरा सुमतीच्या हातात. काळुराम मागे घोरत. भर पारनाक्यातून!

"अगं, हे काय?"

"काय म्हणजे? पोचले."

विठ्ठलराव — "वहिनी, लोक काय म्हणतील?"

"म्हणाले ना. वाटेत सगळे म्हणाले. बैलांनी ऐकलं नाही."

संध्याकाळी गाडी तपासली. आस शाबूत. धाव शाबूत. जुवाला दोन घंटा. पाळण्याची नवार सोडून तिने पुन्हा बांधली आहे, वीतभर पुढे, म्हणजे काठावर बसून कासऱ्याला हात पोचतो आणि पायही लोंबत नाहीत. मला विचारले नाही. चारही गाठी तपासल्या. तोल पाहिला.

बरोबर आहे.

ता. ६ मार्च

साहेबाचा शिपाई आला होता. साहेबाने मुरबाडकडे गाडीची ख्याती ऐकली. वाट नाही तिथे जाते म्हणतात. पुढच्या दौऱ्याला पाहिजे. म्हटले, गाडी दारात नाही. जिची आहे तीही नाही. सकाळीच काळुरामला घेऊन निघाली. कुठे, ते विचारले नाही.

तो म्हणाला, "मग वाट पाहू?"

"मीही तेच करतोय. बसा."

बसला. पाणी प्यायला. मग साहेब गाडीची देतो ती किंमत सांगितली — माझा दीड वर्षाचा पगार. नाही म्हणालो. चारशे रुपयांना.